कीलखाली किती पाणी?

बहरीनभोवतालचा समुद्र दिसतो अथांग, पण आहे उथळ. अख्ख्या आखाताची सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर. त्यात इथले ‘फश्त’, म्हणजे प्रवाळाचे उथळ पट्टे! पूर्वी खलाशी शिसं बांधलेली दोरी सोडून वावांत खोली मोजत. आता ते काम ध्वनी करतो. ट्रान्सड्यूसरमधून निघालेली लहर सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने तळाशी जाऊन परतते. लागलेल्या वेळेवरून खोली कळते.

आमच्या छोट्या शिडाच्या बोटीला तो बसवायचा ठरला आणि घरात वाद सुरू झाला: कुठे? ह्यांचं म्हणणं, बोटीला भोक पाडायचं नाही, आतूनच चिकटवू. भरीव फायबरमधून ध्वनी जातो. मध्ये फोमचा किंवा बाल्सा लाकडाचा थर असेल तर अडतो. आमचा तळ भरीव निघाला. पंख्याच्या बुडबुड्यांपासून दूर, कीलच्या थोडी पुढे जागा निवडली. फार पुढे नेला तर लाटांवर नाळ उचलली जाते. तोंड सरळ खाली हवं. चिकटवण्याआधी तो पाण्याच्या पिशवीत ठेवून तिथे आकडे नीट येतात ना, ते पाहिलं.

उरलं गणित. ट्रान्सड्यूसर पाण्याखाली अर्धा मीटर, कीलचं टोक दीड मीटर. पडद्यावर २ मीटर दिसले तर कीलखाली उरतो एकच! म्हणून यंत्रात ‘उणे १’ भरलं. वर्गात मुलं विचारायची, ‘‘बाई, ऋण संख्यांचा उपयोग काय?’’ आता सांगेन, बोट फश्तावर चढू नये म्हणून.