हापशाचा दांडा

"पाणी तर काचेसारखं स्वच्छ आहे, मग उकळायचं कशाला?" पावसाळा आला की आमच्या घरी हा प्रश्न ठरलेला. शिवाय उकळलेल्या पाण्याला चव नाही, ही तक्रार जोडीला असतेच! मग मी मुलांना लंडनच्या एका हापशाची गोष्ट सांगते.

१८५४ साल. व्हिक्टोरिया राणीच्या लंडनमधली सोहो ही दाटीवाटीची वस्ती. तिथल्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या हापशाचं पाणी लोकांना फार आवडे. ऑगस्टअखेर तिथे पटकी उसळली आणि दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसं गेली. दुर्गंधीतून रोग पसरतो, असंच तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. डॉ. जॉन स्नो यांना मात्र पाण्याचा संशय होता. त्यांनी घरोघर चौकशी केली. शेजारच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार ठणठणीत होते, कारण ते या हापशाचं पाणी पीतच नव्हते. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा मात्र पटकीने गेली. का? तर या पाण्याची चव आवडते म्हणून ती ते मुद्दाम तिथून मागवायची!

८ सप्टेंबरला हापशाचा दांडा काढला. साथ तोवर ओसरू लागली होती. हेन्री व्हाइटहेड या तिथल्या धर्मगुरूंना स्नोंचं म्हणणं आधी पटलं नव्हतं. पण त्यांनीच पुढे मूळ शोधलं. हापशासमोरच्या घरात पाच महिन्यांचं बाळ जुलाबाने आजारी होतं. आईने लंगोट धुतले आणि ते पाणी घराच्या मैलाखड्ड्यात ओतलं. खड्ड्याच्या विटा खिळखिळ्या झालेल्या, अन् विहीर जेमतेम तीन फुटांवर! बाळ गेलं. दांडा काढला त्याच दिवशी बाळाचे वडीलही पटकीने पडले. दांडा तसाच राहिला असता तर?

मैत्रिणींनो, त्या आईचा काय दोष? तिच्या जागी आपणही तेच केलं असतं. पण आज आपल्याला ठाऊक आहे. म्हणून पाणी खळखळून उकळू लागलं की निदान एक मिनिट तसंच उकळू द्या. झाकून ठेवा, दांड्याच्या ओगराळ्यानेच घ्या. बाळाचे लंगोट धुतल्यावर हात साबणाने धुवा, मगच कणकेला लावा. जुलाब झालेच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा, आणि डॉक्टरांना दाखवा.

गोष्ट संपली की धाकटा मुकाट्याने उकळलेलं पाणी पितो. चवीबद्दल अवाक्षर नाही!