नांव बदललें, विष तेंच

डांस-माश्यांवरचें औषध लागू पडेनासें झालें, कीं गृहस्थ दुसऱ्या नांवाची बाटली घरीं आणतो. पण नांव बदललें म्हणजे विषहि बदललें, असें नाहीं.

डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण पॉल म्यूलर यांना १९३९ सालीं उमगला. १९४८ सालीं त्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. पण तत्पूर्वींच युरोपांत घरमाश्या त्या भुकटीला जुमानेनाशा झाल्या होत्या. माशीला विषाची संवय होते, ही समजूत मात्र खोटी. असंख्य माश्यांत एखादी जन्मतःच निराळ्या घडणीची असते. बाकीच्या मरतात, ती उरते आणि पुढें तिचाच वंश वाढतो.

म्हणून विष कीटकाच्या देहांत कोठें घाव घालतें, हें पाहून शास्त्रज्ञ त्याचा वर्ग ठरवितात. शेवंतीच्या कुळांतील फुलांच्या अर्काच्या धर्तीवर रचलेलीं पायरेथ्रॉइड द्रव्यें डी.डी.टी.हून रसायनदृष्ट्या अगदीं भिन्न. तरी मज्जातंतूंतील सोडियमचें द्वार बंद होऊं न देणें, हेंच दोहोंचें काम. ज्या डांसांत तें द्वारच बदललें, ते दोहोंतूनहि वांचतात. मॅलॅथिऑनचा घाव निराळ्या ठिकाणीं, एका विकरावर, पडतो.

तेव्हां आलटून पालटून वापरावयाचे ते वर्ग; एकाच वर्गाचें विष पिढ्यान्‌पिढ्या चालवूं नये. त्याहून बरें म्हणजे केरावर झांकण ठेवणें आणि पिंपांतलें पाणी आठवड्याला ओतून टाकणें. (झांकणाला न जुमानणारी माशी अद्याप कोणीं पाहिलेली नाहीं!) बाटली घ्यावयाचीच असेल, तर बारीक अक्षरांत छापलेलें घटकद्रव्याचें नांव वाचावें. ॲलेथ्रिन, ट्रान्सफ्लुथ्रिन, सायपरमेथ्रिन, अशीं शेवटीं ‘थ्रिन’ असलेलीं हीं सारीं एकाच वर्गांतलीं होत.