व्यायामशाळेचा उंबरठा

कचेरीचे दोन जिने चढताना ज्याला मध्येच कठड्याचा आधार घ्यावा लागतो, बुटाची नाडी बांधण्यास वाकले असता ज्याचा श्वास कोंडतो, अशा गृहस्थाच्या मनात एखाद्या दिवशी व्यायामाचा संकल्प उगवतो. वय चाळिशीकडे झुकलेले, व्यवसाय बैठा, आणि शाळेतील कवाइतीनंतर अंगमेहनतीचा असा प्रसंग फारसा आलेलाच नाही. संकल्प करण्यास त्याला अडचण पडत नाही. ती पडते व्यायामशाळेच्या उंबरठ्यावर. आत आरशांसमोर पिळदार दंडांचे तरुण उभे असतात, आणि त्याच आरशात आपले सुटलेले पोट दिसेल या कल्पनेनेच तो परत फिरतो. प्रथम घरच्या घरी थोडे वजन उतरवावे आणि मग तेथे पाऊल टाकावे, असे तो मनाशी ठरवतो. पोहता येऊ लागल्यावरच पाण्यात उतरू, असे म्हणण्यासारखेच हे होय. अशा विचारात वर्षे निघून जातात आणि धाप मात्र वाढत राहते.

वस्तुतः असा गृहस्थ अपवाद नव्हे. प्रौढ माणसाने आठवड्यातून निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी व दोन दिवस तरी स्नायूंना ताण देणारा व्यायाम घ्यावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतातील प्रौढांपैकी जवळजवळ निम्मे लोक २०२२ साली पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. म्हणजे जो लाजून दाराशी थबकतो त्याच्या मागे अर्धा देश उभा आहे. व्यायामशाळा बलवानांसाठी आहे ही समजूत, औषधालय निरोग्यांसाठी आहे असे मानण्याइतकीच उफराटी आहे.

महाराष्ट्रात व्यायामाची स्थाने ढोबळपणे तीन प्रकारची आढळतात. पहिला प्रकार जुन्या तालमीचा. ताक, तेल, हळद घालून मऊ केलेल्या तांबड्या मातीचा हौद, मारुतीची तसबीर, जोर, बैठका, मुद्गल आणि या सर्वांवर देखरेख ठेवणारा वस्ताद, हे तिचे रूप कोल्हापूर व आसपासच्या प्रदेशात आजही पाहावयास मिळते. तालमीचे ध्येय मुख्यतः कुस्ती होय. म्हणून ज्याला केवळ प्रकृती सुधारावयाची आहे त्याने तसे वस्तादास आरंभीच सांगितलेले बरे. दुसरा प्रकार सार्वजनिक संस्थांचा. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ साली आणि दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ साली स्थापन झाले. गावोगावच्या अनेक लहान व्यायामशाळांनीही हाच वारसा पुढे चालविला आहे. तिसरा प्रकार आधुनिक जिमचा. तेथे लोखंडी वजने, चालण्याचे पट्टे, निरनिराळी यंत्रे आणि पगारी ट्रेनर असतात.

यांपैकी श्रेष्ठ कोणता, हा वाद नवशिक्याने घालू नये. स्नायूला विरोध हवा असतो. तो स्वतःच्या देहभाराचा आहे, मुद्गलाचा आहे की परदेशी यंत्राचा आहे, याची विचारपूस स्नायू करीत नाही. त्याच्या दृष्टीने खरा प्रश्न एवढाच, की सहा महिन्यांनंतरच्या एखाद्या पावसाळी व कंटाळवाण्या संध्याकाळी आपले पाय कोणत्या दाराकडे वळतील.

या एका कसोटीवर निवडीच्या पुष्कळशा गोष्टी आपोआप लागतात. पहिली गोष्ट अंतराची. घरापासून किंवा कचेरीतून परतण्याच्या वाटेवर दहा मिनिटांच्या आत असलेली साधी व्यायामशाळा, पाऊण तास लांब असलेल्या झगमगीत जिमपेक्षा नवशिक्याला अधिक उपयोगी पडते. दुसरी गोष्ट वेळेची. दुपारी बारा वाजता पाहिलेली मोकळी जागा संध्याकाळी सात वाजता माणसांनी गजबजलेली असते. यास्तव ज्या वेळी व्यायामास यावयाचे त्याच वेळी जाऊन ती पाहावी. हवा खेळती आहे काय, वापरलेली वजने जागच्या जागी ठेवली जातात काय, वयस्क व स्थूल माणसे तेथे दिसतात काय आणि त्यांच्याशी इतरांचे वर्तन कसे आहे, हे अर्ध्या तासात कळते. स्त्रियांनी आपल्या सोयीच्या वेळी इतर स्त्रिया येतात काय व कपडे बदलण्याची जागा नीट आहे काय, हेही पाहून घ्यावे.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट शिकविणाऱ्याची. त्याचे दंड किती जाड आहेत हे न पाहता त्याचा पहिला प्रश्न कोणता येतो हे ऐकावे. "दादा, यापूर्वी कधी व्यायाम केला होता? काही दुखणे, औषध, शस्त्रक्रिया?" असे जो विचारतो तो शिक्षक. "तीन महिन्यांत पंधरा किलो उतरवून देतो," असे जो म्हणतो तो विक्रेता. पहिल्याच दिवशी भुकटीचे डबे पुढे करणाऱ्यापासून तर चार हात दूरच राहावे.

चौथी गोष्ट वर्गणीची, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. वर्षाचे पैसे एकदम भरले म्हणजे पैशाच्या लोभाने तरी जाणे होईल, असा हिशेब माणूस मनाशी मांडतो. अमेरिकेतील डेलाविन्या व माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी तीन व्यायामगृहांच्या ७,७५२ सभासदांची हजेरी तपासून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दरमहा ७० डॉलरांहून अधिक ठराविक वर्गणी देणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत. त्यांना प्रत्येक खेप १७ डॉलरांहून महाग पडे. दहा खेपांचे तिकीट काढले असते तर तीच खेप १० डॉलरांत पडली असती. माणूस आपल्या भावी उत्साहावर फाजील विश्वास टाकतो, हाच त्याचा अर्थ. म्हणून आरंभी एका महिन्याचीच वर्गणी भरावी. ती थोडी महाग पडली तरी हरकत नाही. तीन महिने नेम टिकला म्हणजे सवलतीचा विचार करावा, आणि मध्येच सोडल्यास पैसे परत मिळतात की नाही हे पावती घेण्यापूर्वी विचारावे.

दाखल होण्यापूर्वी काहींनी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणारे, चालताना छातीत दुखणारे अथवा घेरी येणारे आणि गरोदर स्त्रिया यांचा त्यांत समावेश होतो. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकाएकी खाली जाऊ शकते. त्यांनी खिशात साखर बाळगावी. मात्र यांतील बहुतेक विकारांत योग्य बेताचा व्यायाम हितकारकच असतो. सल्ला घ्यावयाचा तो व्यायाम टाळण्यासाठी नव्हे, बेत ठरविण्यासाठी.

आता पहिल्या सहा आठवड्यांविषयी. या काळात नवशिक्याचा शत्रू आळस नसून उत्साह असतो. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, अर्धा तास एवढा नेम पुरेसा आहे. पाच मिनिटे चालून अंग गरम करावे. मग खुर्चीला टेकून उठण्याच्या बैठका, भिंतीला हात टेकून जोर, हलके वजन ओढणे व उचलणे, असे चार-पाच प्रकार दहा-बारा वेळा करावे. आणखी दोन-तीन वेळा करता आले असते असे वाटत असतानाच थांबावे. वजन उचलताना श्वास रोखू नये. त्याने रक्तदाब एकदम चढतो. जोर लावताना श्वास सोडावा. चालण्याचा वेग असा असावा की बोलता यावे, परंतु गाता येऊ नये.

दुसऱ्या दिवशी अंग ठणकते. ही वेदना साधारणतः एक ते तीन दिवस जोरात असते, मग ओसरते, आणि पुढच्या खेपांना सौम्य होत जाते. परंतु ईर्ष्येला पेटून पहिल्याच दिवशी शंभर-दोनशे बैठका मारल्या तर स्नायूंचे तंतू इतके फुटतात की त्यांतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा करू शकतात. अंग विलक्षण सुजले, दुखले आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळसर झाली, तर विलंब न करता इस्पितळ गाठावे. व्यायाम चालू असता छातीत कळ आली तरीही हाच नियम.

आणखी एक गंमत ध्यानात ठेवावी. पहिल्या काही आठवड्यांत उचलण्याची ताकद झपाट्याने वाढते. ती स्नायू फुगल्यामुळे नव्हे, तर मज्जातंतू असलेल्या स्नायूंकडून नीट काम घेण्यास शिकतात म्हणून. ताकद वाढली तरी स्नायू हाडांशी जोडणारे कंडरे सावकाश बळावतात. त्यांना अवधी न देता वजन चढविले की खांदा वा गुडघा धरतो आणि व्यायाम कायमचा सुटतो.

आरशाला व वजनकाट्याला या काळात फारसे विचारू नये. आहार तोच राहिला तर केवळ व्यायामाने वजन थोडेच उतरते. झोप, धाप आणि उमेद यांतील फरक मात्र आधी कळतो. मोजावयाचेच असेल तर कंबर मोजावी. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असा संकेत आहे. खाण्यात डाळी, उसळी, दूध, दही, आणि चालत असेल त्याला अंडी व मासे यांचे प्रमाण वाढवावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ सालच्या आहारसूचनांत प्रथिनांच्या भुकट्या टाळण्यासच सांगितले आहे.

नेम मध्ये एखाद्या दिवशी चुकला तर त्याचे दुःख करीत बसू नये. लंडन येथे ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास झाला व तो २०१० साली प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडण्यास त्यांना साधारणतः ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला कितीतरी अधिक. एखादा दिवस बुडाल्याने सवयीच्या घडणीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. खंड पडला म्हणून सर्वच सोडून देणे, हेच खरे नुकसान.

राहता राहिली लाज. जुन्या तालमीत नव्याने आलेल्याने फावडे घेऊन हौदाची माती उकरावी, असा प्रघात असे. त्याला कोणी हसत नसे, कारण प्रत्येक पैलवान त्या मातीतूनच वर आलेला असे. आजच्या आरशांसमोरही बहुतेकांची नजर स्वतःवरच खिळलेली असते. दारातून आत आलेल्या स्थूल गृहस्थाकडे पाहण्यास त्यांना फुरसत नसते. ती दोन पावले त्याने टाकली, हलके वजन हाती घेतले आणि परवा पुन्हा आला, म्हणजे कठीण भाग संपला असे समजावे. मग काही महिन्यांनी कचेरीचे जिने चढून गेल्यावर, कठडा धरावयाचा राहूनच गेला, हे त्याच्या ध्यानात येईल.