उसाला नाही म्हणणारं गाव

नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, उसाचा आणि साखर कारखान्यांचा. सहकारी साखर कारखानदारीचा पाया याच जिल्ह्यात, प्रवरानगरला घातला गेला. त्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने मात्र ऊस लावायचा नाही असं ग्रामसभेत ठरवलं आणि ते पाळलं. गेल्या पस्तीस वर्षांचा मागोवा घेताना मला तिथल्या बंधाऱ्यांपेक्षा हा नकार मोठा वाटतो.

गाव पर्जन्यछायेतलं. पाऊस वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळाने गावाचं कंबरडं मोडलं. डोंगरावरची झाडं सरपणाला गेली, विहिरी आटल्या, दारू वाढली. हाताला काम नाही म्हणून माणसं मुंबई-पुण्याला गेली. इथे बदली होणं सरकारी नोकरांना शिक्षा वाटायची.

१९८९ मध्ये एम.कॉम. झालेले पोपटराव पवार सरपंच झाले. शेजारच्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीने वाट घालून दिली होतीच. तीच पंचसूत्री हिवऱ्याने उचलली: नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान. १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आलं आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, बांधबंदिस्ती, पाझर तलाव अशी कामं झाली.

ही सूत्रं म्हणायला सोपी आहेत. चराईबंदी म्हणजे डोंगरावर गुरं मोकळी सोडायची नाहीत. गवत विळ्याने कापायचं आणि गोठ्यात आणून घालायचं. ज्याचं पोट चार शेळ्यांवर आहे त्याला हे किती जड जातं, ते गावाबाहेरच्या कौतुक करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. पण डोंगर बंद राहिला म्हणून गवत आलं, गवतावर जनावरं आली, आणि नव्वदच्या दशकात दिवसाला जेमतेम दीडशे लिटर दूध घालणारं गाव पुढे हजारो लिटर घालू लागलं. शहरात गेलेली कितीतरी कुटुंबं परतली. नसबंदीच्या सूत्राबद्दल मात्र मी आजही अस्वस्थ आहे. घरातला इतका खासगी निर्णय गावाच्या नियमात बसवावा का, हा प्रश्न गावाच्या यशाने सुटत नाही.

माझ्या मते गाव खरं उभं राहिलं ते पाण्याच्या ताळेबंदावर. पाणलोटाची कामं महाराष्ट्रात शेकडो गावांत झाली. अनेक ठिकाणी पाणी वर आलं आणि बोअरवेलनी दोन-चार वर्षांत उपसून नेलं. हिवऱ्याने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, ऊस-केळीसारखी तहानलेली पिकं वर्ज्य केली आणि पाऊस मोजायला सुरुवात केली. गावाचं क्षेत्र ९७६ हेक्टर. म्हणजे एक मिलिमीटर पाऊस पडला की शिवारात सुमारे ९७ लाख लिटर पाणी येतं. पावसाळा सरला की निरीक्षण विहिरींची पातळी बघून हिशेब ग्रामसभेपुढे येतो. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी, मग घरचा वापर, उरलेल्यातून शेती, आणि काही वाटा जमिनीतच राखायचा. पाऊस कमी झाला तर रब्बीचं क्षेत्र कमी करायचं, गव्हाऐवजी ज्वारी-हरभऱ्यासारखं कमी पाण्याचं पीक घ्यायचं. विहीर माझी असली तरी पाणी गावाचं, हे मान्य केल्याशिवाय असा हिशेब एक वर्षसुद्धा टिकत नाही.

पवारांना पद्मश्री मिळाली, गाव देशभर गाजलं. एकाच माणसाभोवती सगळं उभं आहे, ही शंकाही तेवढीच जुनी. तीस वर्षं ग्रामपंचायत बिनविरोध निवडणाऱ्या या गावात जानेवारी २०२१ मध्ये मतदान झालं, आणि सातही जागा पवारांच्या पॅनेलने जिंकल्या. ही लढत झाली ते मला चांगलं वाटतं. ग्रामसभेत हात वर करून ज्यांनी या बंद्या स्वीकारल्या, ती पिढी आता म्हातारी होते आहे. त्यांच्या नातवंडांनी कोरडी विहीर पाहिलेली नाही. पाण्याचा हिशेब त्यांना शाळेत शिकवला जातो. बोअर का घ्यायचा नाही, हे त्यांना नव्याने पटावं लागेल, आणि त्यासाठी ग्रामसभेत वाद घालायची मुभाही लागेल.