मागणी कोणाची, गाडी कोणाची?

एखाद्या गृहस्थाने अनेक वर्षांच्या बचतीतून एक वेगवान व सामर्थ्यवान मोटार घ्यावयाचे ठरवावे, तिचा रंग, बैठकींचे चामडे, चाकांची घडण हे सारे आपल्या आवडीने निवडावे, मागणीच्या कागदावर सही करून इसाराची रक्कम मोजावी, आणि त्यानंतर वर्ष लोटले तरी आपली पाळी केव्हा येणार एवढेसुद्धा त्याला खात्रीने कळू नये, ही गोष्ट अमेरिकेसारख्या व्यापारनिपुण देशात कोणालाही असंभवनीय वाटेल. परंतु शेव्हरोलेची कॉर्व्हेट ही गाडी मागवणाऱ्या असंख्य लोकांनी गेल्या काही वर्षांत नेमका हाच अनुभव घेतला आहे.

कॉर्व्हेट १९५३ साली मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे अवघ्या ३०० गाड्यांनिशी जन्मली आणि १९८१ पासून ती केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीन या एकाच गावी तयार होते. १८ जुलै २०१९ रोजी तिची आठवी पिढी लोकांसमोर आली, तेव्हा इंजिन प्रथमच चालकाच्या पाठीमागे बसवलेले होते आणि मूळ किंमत ६०,००० डॉलरच्या किंचित आत ठेवलेली होती. अशी रचना तोपर्यंत बहुतांशी याच्या कितीतरी पट महाग असलेल्या परदेशी गाड्यांत पाहावयास मिळत असल्यामुळे मागणीची झुंबड उडाली. पुढे कामगारांचा सुमारे ४० दिवसांचा संप झाला, २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे कारखान्याला टाळे लागले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या चक्रीवादळाने कारखान्याच्या छपराची हानी करून शंभराहून अधिक गाड्या निकामी केल्या. या आपत्तींबद्दल ग्राहकाने कोणाला दोष देऊ नये, आणि समंजस ग्राहकांनी तो दिलाही नाही. त्यांचे खरे दुःख निराळे आहे आणि त्याचे मूळ विक्रीच्या व्यवस्थेतच आहे.

ते मूळ असे की, कारखान्याच्या दृष्टीने ग्राहक म्हणजे तुम्ही-आम्ही नव्हे. ग्राहक म्हणजे डीलर. कारखाना आपला माल डीलरला विकतो, आणि मागणीच्या कागदावर तुमचे नाव असले तरी ती मागणी कायद्याने व व्यवहाराने डीलरचीच असते. तुमचे त्याच्याशी बिनसले आणि तुम्ही दुसऱ्या डीलरकडे गेलात, तर तुमची मागणी तुमच्यामागे येत नाही; तेथे रांगेच्या शेवटी नव्याने उभे राहावे लागते. या व्यवस्थेला इतिहास आहे आणि तो डीलरांच्या बाजूने सहानुभूतीचाच आहे. १९२० च्या मंदीत हेन्री फोर्ड यांनी न मागवलेल्या गाड्या डीलरांच्या दारी पाठवून त्यांच्याकडून पैसे वसूल केले होते. पुढेही बड्या कारखानदारांची जबरदस्ती चालूच राहिल्याने १९५६ मध्ये डीलरांना त्यांच्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क देणारा कायदा अमेरिकन काँग्रेसने केला, आणि बहुतेक राज्यांनी कारखानदाराने आपल्या डीलरांना वगळून थेट ग्राहकाला गाडी विकू नये असे निर्बंध घातले. दुर्बळाला संरक्षण देणारे हे कायदे न्याय्यच होते. पण या दोन पक्षांतील करारनामा पक्का करताना गाडीची किंमत मोजणारा तिसरा पक्ष त्यात कोठेच रुजू झाला नाही, ही त्यांतील उणीव आज फार जाचक ठरली आहे.

तिचा पहिला परिणाम कोट्यात दिसतो. दुर्मीळ गाड्यांचे वाटप कारखाना डीलरांच्या मागील विक्रीच्या प्रमाणात करतो. म्हणून एखाद्या मोठ्या पेढीच्या वाट्याला पुष्कळ गाड्या येतात, तर लहान गावच्या डीलरला वर्षभरात एखादीच मिळते. अशा डीलरकडे तुमचा क्रमांक पाचवा आहे याचा अर्थ, त्याचा कोटा ठाऊक नसेल तर, काहीच होत नाही. आणि तो कोटा तो सहसा आपण होऊन सांगत नाही. मागणीच्या प्रवासाला शेव्हरोलेच्या मालक कंपनीने, म्हणजे जनरल मोटर्सने, सांकेतिक आकडे दिलेले आहेत: ११०० म्हणजे डीलरने मागणी नोंदवली, २००० म्हणजे कंपनीने ती स्वीकारली, ३८०० म्हणजे गाडी तयार झाली आणि ५००० म्हणजे ती डीलरकडे पोचली. सारी यातना ११०० आणि २००० यांच्यामधल्या अंतरात भरलेली आहे, कारण डीलरच्या हाती कोटा येऊन त्याने तुमचीच मागणी पुढे केल्याशिवाय हा आकडा हलत नाही. दरम्यान एखाद्या विशिष्ट भागाचा तुटवडा पडला तर तो भाग निवडणाऱ्याची मागणी अडकून राहते, आणि नव्या वर्षाचे मॉडेल सुरू झाले की जुनी, न स्वीकारलेली मागणी रद्द होऊन नव्याने, बहुधा वाढीव किमतीने, लिहावी लागते.

दुसरा परिणाम किमतीचा. ओक्लाहोमाचे सेनेटर माइक मनरोनी यांच्या प्रयत्नाने १९५८ साली झालेल्या कायद्यानुसार प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर तिची किंमत छापील स्वरूपात चिकटवावी लागते. परंतु ती कारखान्याने सुचवलेली किंमत असते, डीलरवर बंधनकारक नव्हे. गाडी आली की पुष्कळदा त्याच काचेवर दुसरा कागद दिसतो आणि त्यावर ‘बाजारभावाचा फरक’ म्हणून हजारो डॉलर चढवलेले असतात. कधी हीच वसुली ग्राहकाने न मागितलेल्या रंगसंरक्षक लेपाच्या किंवा टायरांत भरलेल्या नायट्रोजनच्या नावाने होते. वर्षभर वाट पाहिलेल्या माणसाला ‘पटत नसेल तर सोडून द्या, मागे दुसरे उभे आहेत’ असे ऐकावे लागणे, हा मला निव्वळ विश्वासघात वाटतो. बाजाराचा नियम म्हणून त्याचे समर्थन करणाऱ्यांनी ज्या दिवशी इसार घेतला त्याच दिवशी हा नियम का सांगितला नाही, याचे उत्तर द्यावे.

आपल्याकडच्या वडीलधाऱ्या मंडळींना बजाजच्या स्कूटरसाठी दहा-दहा वर्षे काढलेली प्रतीक्षा आठवत असेल. ती टंचाई परवाना पद्धतीने लादलेली होती, आणि मिळालेली स्कूटर ‘ऑन’, म्हणजे ठरलेल्या किमतीवर जादा रक्कम, घेऊन विकण्याचे प्रकारही सर्रास चालत. तरीही सरकारने ठरवून दिलेली किंमत आणि नोंदणीचा क्रम या दोन गोष्टी, निदान कागदोपत्री, ग्राहकाच्या बाजूने होत्या. कॉर्व्हेटच्या ग्राहकाला तेवढाही आधार नाही.

कंपनीला हे दिसत नाही असे नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये जनरल मोटर्सच्या उत्तर अमेरिका विभागाचे अध्यक्ष स्टीव्ह कार्लाइल यांनी गैरव्यवहार करणाऱ्या डीलरांचा कोटा वळवण्याची ताकीद पत्राने दिली. त्याच वर्षी ६७० अश्वशक्तीच्या ‘झी-झीरो-सिक्स’ या प्रकाराबद्दल, बारा महिन्यांच्या आत गाडी विकल्यास काही हमी नव्या मालकाला मिळणार नाहीत, असेही जाहीर झाले. लक्षात घेण्याजोगे हे की, फेरविक्रीतून नफा करणाऱ्या खरेदीदारावर कंपनीला थेट अट घालता आली. डीलरच्या बाबतीत मात्र ताकिदीवर भागवावे लागले. अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने डीलरांच्या फसव्या किमतींविरुद्ध केलेले नियमही जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने रद्दबातल ठरवले.

तेव्हा अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींपैकी कोणाच्या मनात ही गाडी असेल, तर इसार देण्यापूर्वी गेल्या वर्षी डीलरला या प्रकारच्या किती गाड्या मिळाल्या आणि आपल्यापुढे किती मागण्या आहेत हे विचारावे. सर्व आकारांसह अंतिम किंमत आणि इसार परत मिळण्याची अट लेखी घ्यावी. आणि कंपनीच्या नोंदीतील मागणीचा क्रमांक मागावा, कारण तो नसेल तर मागणी डीलरच्या मेजाच्या खणातच आहे असे समजावे. लहान डीलर घराजवळ असला तरी मोठ्या कोट्याचा दूरचा डीलर बरा. अंतराची अडचण तशी राहत नाही, कारण कारखान्याजवळच १९९४ पासून उभ्या असलेल्या राष्ट्रीय कॉर्व्हेट संग्रहालयात गाडी ताब्यात घेण्याची सोय आहे. मात्र तेथेही, जिच्या जन्मस्थानापासून आपण हाकेच्या अंतरावर उभे आहोत त्या गाडीची किल्ली दूरच्या डीलरने कागदपत्रे पुरी केल्यानंतरच हाती पडते.