सौरशक्तीचे भांडवल आणि व्याजाचा भार

कोळशाच्या विजेचा मोठा खर्च कोळसा जळेल तसतसा होत राहतो. सौरविजेचा बहुतेक सारा खर्च मात्र पहिला किरण झेलण्यापूर्वीच उभा करावा लागतो, आणि म्हणून सूर्यप्रकाश विनामूल्य असूनही त्या विजेचे मोल कर्जावरील व्याजाच्या दराने ठरते.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेसारख्या जुन्या वस्तीत याचा प्रत्यय सहज येतो. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला 78,000 रुपयांचे केंद्रीय अनुदान आहे. परंतु संच बसून, तपासणी होऊन मगच ते खात्यात जमा होते, आणि तोवरची तजवीज घरधन्याने पदरच्या पैशाने किंवा बँकेच्या कर्जाने करायची असते. ज्याची प्राप्ती नियमित आणि छप्पर निर्वेध मालकीचे, त्याला हे सुकर आहे. पण वाड्याच्या दोन खोल्यांत हयात काढलेल्या भाडेकरूचा छपरावर हक्कच नाही, आणि मिळकतपत्रिकेवर वारसांची सामाईक नावे असतील तर संमती मिळवण्यातच उमेद सरते. या कुटुंबांसाठी सामुदायिक सौरसंचाची वाट प्रशस्त करणे मला अनुदान वाढवण्याहून निकडीचे वाटते.

राष्ट्रांच्या व्यवहारातही विषमता हीच. हवामान बदलाला तोंड देण्यासाठी विकसनशील देशांना वर्षाला 100 अब्ज डॉलर 2020 पर्यंत देऊ, असे श्रीमंत देशांनी 2009 साली कोपनहेगनच्या हवामान परिषदेत कबूल केले. तो आकडा 2022 मध्ये गाठला गेला, आणि त्यातील सरकारी पैशाचा मोठा भाग कर्जरूपानेच आला. नोव्हेंबर 2024 मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलरचे उद्दिष्ट ठरले, तेव्हा गरजेच्या मानाने ती रक्कम तुटपुंजी असल्याचे सांगून भारताने तेथेच हरकत नोंदवली. ती हरकत रास्त होती.

कर्ज आणि अनुदान यांतला फरक कोल्हापूरच्या पुरातही दिसतो. तेथे राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा नदीची धोक्याची पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 च्या महापुरांत पाणी 55 फुटांच्याही वर गेले. आता कोल्हापूर-सांगलीच्या पूरनियंत्रणासाठी राज्य सरकार जागतिक बँकेचे कर्ज घेत आहे. सौरसंच वीज देतो, तिच्या बचतीतून हप्ता फिटतो, तेव्हा तेथे अल्पव्याजी कर्ज पुरते; पूर आवरणारे काम नुकसान टाळते, पण खजिन्यात रोकड आणत नाही. जगाचे हवामान बिघडवण्यात ज्यांचा हिस्सा नगण्य, त्या नदीकाठच्या लोकांच्या करातूनच त्या कर्जाचे मुद्दल आणि व्याज फेडले जाणार असेल, तर अशा कामांना श्रीमंत राष्ट्रांनी कर्ज नव्हे, अनुदानच दिले पाहिजे.