समेची वाट पाहणारं संगीत

'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी व्हिडिओ गेमच्या संगीताचं उत्तम पाठ्यपुस्तक आहे, असं माझा भाचा मला म्हणाला तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं. तो पुण्यात राहून गेमसाठी संगीत करतो. गणपतीत आणि शिमग्याला रत्नागिरीला येतो आणि टिळक आळीतल्या आमच्या घरी माझ्या वडिलांनी जमवलेल्या एलपी काढून बसतो. कोकणातल्या दमट हवेत तबकड्यांना बुरशी धरते, म्हणून दर पावसाळ्यानंतर मी त्या मऊ फडक्याने पुसून उन्हाआड वाळवते. ते काम आम्ही दोघं मिळून करतो आणि पुसता पुसता वाद घालतो. या लेखातलं बरंचसं त्या वादातूनच आलेलं आहे.

ही तबकडी एचएमव्हीने 1967 मध्ये ध्वनिमुद्रित केली. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. यातले पहिले तिघं वादक तेव्हा तिशीच्या आसपासचे. त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते एचएमव्हीतले आपले जी. एन. जोशी. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' गाऊन मराठी भावगीताला घरोघरी नेणारे हेच जोशी. पुढे एचएमव्हीत राहून त्यांनी कितीतरी थोरांचे आवाज तबकडीवर उतरवले आणि त्या आठवणी 'स्वरगंगेच्या तीरी' या पुस्तकात लिहिल्या. मराठी वाचकाला ते गायक म्हणून थोडेफार आठवतात, पण ध्वनिमुद्रण करून घेणारा माणूस म्हणून त्यांचं ऋण त्याहून मोठं आहे, असं माझं ठाम मत आहे.

तबकडीत काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा एक दिवस आहे. पहाटेचा अहिर भैरव, मग नट भैरव, पुढे पिलू, दिवेलागणीचा भूप, रात्रीचा देस आणि शेवटी पहाडी. शब्द एकही नाही. ऐकणाऱ्याला तरी कळतं की उजाडलंय, ऊन चढलंय, कुणीतरी कुणाला भेटलंय.

"मावशी, माझ्याकडे येणारं काम अगदी असंच असतं," भाचा म्हणाला. "गाव आहे, सकाळ आहे, नायक अजून घरात आहे. पुढे जंगल, मग संध्याकाळ. प्रत्येकाला वेगळा रंग हवा आणि तरी सगळं एकाच गोष्टीतलं वाटायला हवं. गाणं लिहायचं नाही, जागा उभी करायची."

माझी आवडती तबकडी मात्र 'शिवकल्याण राजा'. शिवराज्याभिषेकाला 300 वर्षं झाली त्या 1974 सालची, हृदयनाथांचं संगीत आणि लतादीदींचा आवाज. ती का नाही, असं मी विचारलं. त्याचं उत्तर सरळ होतं. शब्द आले की खेळणाऱ्याचं मन शब्दांमागे जातं आणि हातातला खेळ सुटतो. अपवाद आहे, आणि तोही त्यानेच सांगितला. 2005 च्या 'सिव्हिलायझेशन 4' या गेममध्ये ख्रिस्तोफर टिन यांचं 'बाबा येतू' हे स्वाहिली भाषेतलं समूहगीत आहे. ते वाजतं सुरुवातीच्या पडद्यावर, खेळ सुरू होण्याआधी, जिथे खेळणाऱ्याला काहीच करायचं नसतं. नांदीच म्हणा ना! त्याच गीताला 2011 मध्ये ग्रॅमी मिळालं. गेमसाठी रचलेल्या संगीताला मिळालेलं ते पहिलं ग्रॅमी.

भाच्याचं स्वतःचं वेड सुरू झालं ते टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमपासून. नव्वदीत रत्नागिरीच्या बाजारातही तो मिळायचा, आणि त्यात घालायच्या चौकोनी डब्यांना सगळी मुलं कॅसेटच म्हणत. ती यंत्रं बहुतेक निन्टेन्डोच्या 1983 सालच्या यंत्राच्या नकला होत्या. मूळ यंत्रातल्या चिपमधून एका वेळी पाचच आवाज निघायचे. दोन चालीसाठी, एक खर्जासाठी, एक नुसता खरखराट, ज्याचा ताल म्हणून उपयोग करायचा, आणि पाचव्यातून एखादा छोटासा ध्वनिमुद्रित तुकडा. एवढ्यावर कोजी कोंडो यांनी 1985 मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची धून बांधली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2023 मध्ये ती राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात घेतली. गेमचं संगीत त्या संग्रहात जाण्याची ती पहिलीच वेळ.

पाच आवाजांची ही अडचण मला परकी वाटली नाही. 78 फेऱ्यांच्या तबकडीवर आपल्या गायकांना जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळत. तासभर राग मांडणाऱ्या माणसाने तेवढ्यात काय ठेवायचं आणि काय सोडायचं? केसरबाई केरकरांनी तेवढ्यात भैरवी अशी उभी केली की 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सोनेरी तबकडीवर तिला जागा मिळाली. साधन तोकडं असलं की रचना कसदारच व्हावी लागते, यावर मावशी-भाच्याचं एकमत आहे.

खरा फरक पुढे आहे. तबकडीतला भूप किती मिनिटांनी संपणार, हे वादकांनी ठरवलेलं असतं. गेममध्ये ते खेळणारा ठरवतो. कुणी जंगल दोन मिनिटांत ओलांडेल, कुणी तासभर तिथेच भटकेल. संगीताने त्याच्याबरोबर राहायचं, कंटाळा आणायचा नाही आणि शत्रू समोर आला की त्याच क्षणी बदलायचं. 1978 च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये याची सुरुवात दिसते. तिथे चारच खर्जातले स्वर पुन्हा पुन्हा वाजत राहतात आणि खेळ जसजसा अटीतटीला येतो तसतशी त्यांची लय वाढते. खेळणाऱ्याची छातीही त्या लयीत धडधडू लागते.

आज हे काम थरांनी होतं. एकाच रचनेचे आधारस्वर, ताल, मुख्य धून, तंतुवाद्यं असे सुटे भाग वेगवेगळे ध्वनिमुद्रित करतात. नायक शांत चालतोय तेव्हा फक्त आधारस्वर. धोका जवळ आला की ताल उघडतो, गाठ पडली की सगळं. दुसरी पद्धत तुकड्यांची. एक तुकडा संपून दुसरा लागतो, पण मध्येच कापून नाही. लुकासआर्ट्स कंपनीने 1991 च्या 'मंकी आयलंड 2' या गेममध्ये अशी व्यवस्था वापरली की संगीत योग्य जागा येईपर्यंत थांबे आणि मगच वळे. भाचा मला समजावताना म्हणाला, "यंत्र समेची वाट बघतं." मला त्याहून जास्त समजावण्याची गरज पडली नाही.

कोंडोंची आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. 1986 च्या 'लेजंड ऑफ झेल्डा'च्या आरंभाला त्यांना राव्हेल या फ्रेंच संगीतकाराची 1928 ची 'बोलेरो' ही रचना वापरायची होती. तिचे हक्क अजून खुले झालेले नाहीत हे कळल्यावर त्यांनी ऐन वेळी नवी धून केली आणि तीच पुढे झेल्डाची ओळख ठरली. 'बोलेरो' जरूर ऐका. एकच ताल, आलटून पालटून त्याच चाली, आणि प्रत्येक वेळी नवी वाद्यं येऊन मिळतात. गेमवाल्यांचे थर राव्हेलच्या कागदावर आधीच होते.

ते आपल्याकडेही होते. आमच्या जिल्ह्यात गावोगावी नमन-खेळे होतात. गण, गवळण, संकासुराचा धुमाकूळ आणि मग वग. मृदंगवाला पात्राकडे बघत वाजवतो. पात्र आत तयार नसेल तर ठेका चालू ठेवतो, संकासुर प्रेक्षकांत घुसला तर लय चढवतो, त्याने थबकून मान वळवली की हातही थबकतो. किती वेळ वाजवायचं हे आधी कुणी ठरवलेलं नसतं. भाच्याने लहानपणी हे रात्र रात्र जागून पाहिलंय. जागा उभी करायला तबकड्यांनी शिकवलं, पण थांबायला मृदंगवाल्याने, असं तो मानतो, आणि मला ते पटतं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये 'राजी' हा गेम काढला. धाकट्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, आपल्या पुराणांतलं जग, छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा. त्याचं संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने केलं आहे. मी ते मन लावून ऐकलं. भारतीय वाद्यांचा त्याने केलेला विचार प्रामाणिक आहे. एका ग्रीक माणसाला आपल्या संगीतात एवढं सापडत असेल, तर आपल्या मुलामुलींना किती सापडेल! पण त्यांनी ऐकायचं कुठून? नाट्यगीतं आणि अभंग तबकड्यांत आहेत. नमनाचा मृदंग, जाखडी नाचाची ढोलकी मुख्यतः माणसांच्या हातात आहे, आणि ते हात म्हातारे होत आहेत.

म्हणून नमन मंडळांना आणि गावच्या शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. पूर्ण प्रयोगाचं चित्रण बरेच जण मोबाइलवर करतात, ते चांगलंच आहे. पण त्यात आरडाओरडा, संवाद, झांजा सगळं एकत्र येतं. एखाद्या दुपारी जुन्या मृदंगवाल्याला घरी बसवा. गणाचा ठेका, गवळणीचा ठेका, संकासुराचा ठेका, प्रत्येक वेगळा, संथ आणि चढ्या लयीत, सलग पाच पाच मिनिटं वाजवून घ्या. झांज वेगळी घ्या. गाव, तारीख आणि वाजवणाऱ्याचं नाव सुरुवातीलाच बोलून घ्या. हा शिमगा येण्याआधीच करा.